नदीपलीकडचं रोम

गेम टेस्ट करणं म्हणजे दिवसभर खेळायचं आणि वर पगार घ्यायचा, असं ज्यांना वाटतं त्यांनी समुद्रकाठच्या पाली गावच्या फ्लेव्हियाला विचारावं. मालाडच्या एका ऑफिसात बसून तिनं तीन वर्षं प्राचीन रोमच्या भिंतींना धडका दिल्या. खेळणारा कुठल्या फटीतून आरपार जाऊन पोकळीत कोसळतो, ते शोधून वर कळवायचं, की ती फट बुजवली जायची. गेम बाजारात आला, त्याचं नाव झालं, आणि टेस्टरांना नारळ मिळाला.

फ्लेव्हिया पालीला आईकडे परतली. आई, टेरेझा, एक दिवसाआड डायलिसिसला जायची. बाईला आयुष्यात हौस अशी एकच होती: रोमला जाऊन संत पेत्राच्या कबरीपाशी गुडघे टेकायचे. चर्चची यात्रा निघाली त्या वर्षी नवरा व्हिन्सेंट समुद्रावरून परत आला नाही. पुन्हा निघाली तेव्हा मूत्रपिंडांनी दगा दिला. आता तर डॉक्टरांनी विमानाचं नावही काढू नका म्हणून बजावलं होतं.

"मम्मी, तुला घरात बसून रोम दाखवते," एका दुपारी फ्लेव्हिया म्हणाली आणि तिनं तो गेम टीव्हीला जोडला. दुधाची तहान ताकावर, दुसरं काय!

ताक मात्र फक्कड होतं, खोटं कशाला बोला. गाड्यांच्या चाकांनी चर पडलेले रस्त्याचे दगड, कारंज्याशी भांडी भरणाऱ्या बाया, खांबांवरचं तिरपं ऊन. टेरेझा उशीला टेकून उठून बसली. "ह्यो तर आपला मासळीबाजारच गो!" म्हणत हसली. आई हसलेली बघून फ्लेव्हियाला भरून आलं.

मग एकेक खोट दिसायला लागली. माणसं तेच ते वाक्य पुन्हा पुन्हा बोलत. दारं नुसती रंगवलेली, एकही उघडेना.

"इथं म्हातारी माणसं न्हाय काय?" टेरेझानं विचारलं.

नव्हती. इतक्या वर्षांत हे फ्लेव्हियाच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्या रोममध्ये कुणी म्हातारं नव्हतं, कुणी आजारी नव्हतं. खेळणारा ज्याला चालवतो त्या शिपायाला तलवार खुपसायच्या बारा तऱ्हा येत होत्या, पण गुडघे टेकायचं बटणच कुणी ठेवलं नव्हतं.

"असू दे. मला संत पेत्राकडं ने."

"हे त्याच्याच काळातलं रोम आहे, मम्मी. चर्च नंतर बांधलं."

"मग जागा तरी असेल. नदीच्या पल्याड, टेकडीपाशी. फादर सांगायचे. दे, मीच जाते." टेरेझानं तिच्या हातातला गेमचा रिमोट ओढून घेतला.

नदीवरचा तो पूल फ्लेव्हियाला पाठ होता. पलीकडे टेकडी दिसायची, पण तिथवर रोम बांधलंच नव्हतं. पूल उतरला की माणूस थेट पोकळीत जायचा. ती चूक तिनंच पकडली होती. सगळ्या ऑफिससमोर शाबासकी मिळाली होती, आणि पुलाच्या टोकाला न दिसणारी भिंत उभी राहिली होती.

टेरेझानं अडखळत, कडेला आपटत शिपाई पुलावर नेला. टोकाशी तो अडला. पाय चालत होते, माणूस जागच्या जागीच.

"का जात न्हाय ह्यो?"

बिघडलाय म्हणून वेळ मारून नेता आली असती. फ्लेव्हियाला ते जमलं नाही. "पुढे भिंत आहे, मम्मी. मीच घालायला लावली."

"तू? का गो?"

"माणसं पडत होती तिथून."

टेरेझा त्या टेकडीकडे बघत राहिली. "बरं केलंस, बाय," ती म्हणाली. त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर फ्लेव्हियाला परवडलं असतं.

मग टेरेझानं डोळे मिटले आणि तिचे ओठ प्रार्थनेत हलू लागले. पण बटणावरचा अंगठा तिनं काढला नाही, आणि शिपाई भिंतीशी चालतच राहिला.