उत्तरं केतकीला

"पोरी, तुनं आडनाव काय शे?"

भडगावजवळच्या केळीच्या बागेत नानांनी मला विचारलं. बाग त्यांची. मी त्यांच्या ठिबक सिंचनाची चौकशी करत होते, ते माझ्या आडनावाची. सांगितलं. आम्ही बौद्ध. नानांना तेवढं पुरलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, फक्त मान वळली, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या केतकीकडे.

त्यानंतरचे सगळे प्रश्न मी विचारले आणि सगळी उत्तरं केतकीला मिळाली.

आम्ही दोघी जळगावच्या एका ठिबक कंपनीत. शेतावर जायचं, पाणी कुठं अडतं ते शेतकऱ्याला विचारायचं, नीट ऐकून घ्यायचं. केतकी पुण्याची, तिला अहिराणी कळत नाही. माझं आजोळच भडगावचं. नाना बोलत होते आणि ही मान डोलवत होती. "अस्सं?" "हो का?" परतताना गाडीवर मागून मला विचारते, "काय म्हणाले गं ते?" मी सांगितलं. दर वेळी सांगत आले.

ऑफिसात साहेब म्हणाले, "केतकी ऐकते किती छान. शिक जरा तिच्याकडून."

नव्या पोरांना शेतकऱ्यांशी बोलायला शिकवायचं, अशी एक जागा निघणार होती. मला ती हवी होती. फार हवी होती. आणि मी जळत होते. लोक आपणहून केतकीशी बोलतात, म्हणून. तिनं माझं काही वाकडं केलं नव्हतं, हे कळायचं. तरी तिचं ते "हो का?" ऐकलं की अंगाची लाही व्हायची.

मग एकदा साहेब स्वतः आले बघायला. तीच बाग, तेच नाना. मी विचारलं, "नाना, शेवटना झाडले पानी भेटस का?"

नाना केतकीला म्हणाले, "ताई, बठ्ठं पानी वरलाच झाडेस्ले भेटस." सगळं पाणी वरच्याच झाडांना, आणि पुढं बरंच काही. केतकीनं मान डोलवली. साहेब खूश. आणि मग माझ्याकडे वळून, "काय म्हणाले?"

मी म्हटलं, "मला नाही सांगितलं, सर. केतकीला सांगितलं. तिला विचारा."

केतकीनं माझ्याकडे पाहिलं. साहेबांचा चेहरा उतरला. "हे काय नाटक आहे?"

मी नानांकडे वळले. "नाना, मी इचारं. मन्हाकडे देखीसन सांगा."

नाना पाण्याच्या मोटारीकडे निघून गेले.

जागा केतकीला मिळाली. माझा स्वभाव आडवा येतो, असं साहेब म्हणाले. "गप बसली असतीस तर मिळाली असती," असं घरी अक्का म्हणाली. माझी थोरली बहीण. नसती मिळाली, अक्का.

केतकी शिकवताना दिसली की मी अजून जळते. ती आग मी विझवणार नाही. नाना असोत की साहेब, जो माझ्याकडे पाहून बोलणार नाही, त्याचं बोलणं मी कुणालाही समजावून देणार नाही. नोकरी जायची तर जावो.