सोमलिंगअप्पांचं प्रस्थान

सोमलिंगअप्पा आजवर एकदाही हैदराबादला पोचले नाहीत, पण निघाले मात्र कैक वेळा. दर वेळी आमच्या घरातून निघाले, म्हणून मला ठाऊक.

रोज लिंगपूजा झाली की मी वहीत चार ओळी लिहिते. बहुतेक देवाचं, थोडं घरचं. परवा सिद्धेश्वराच्या देवळात अप्पांना फेटा बांधला आणि भर सभेत त्यांचं चरित्र सांगितलं. ते ऐकल्यावर वाटलं, खरं चरित्रही कुठंतरी लिहिलेलं असावं. अंगाला विभूती लावून लिहिते आहे, खोटं लिहिणार नाही.

अप्पा आमचे शेजारी. लहानपणी उस्मानाबादच्या शाळेत उर्दू शिकून आले. त्यानंतर काय केलं, असं कुणी विचारलं तर उत्तर एकच : तयारी. थोरल्या भावानं शेत बघायचं, भावजयीनं भाकरी घालायची आणि अप्पांनी कट्ट्यावर बसून महिन्यामागचं उर्दू वर्तमानपत्र वाचायचं. वाचताना मान अशी हलवायची, जणू निजामसरकारनं ते छापण्याआधी यांना विचारलं होतं.

आमचं गाव अणदूरपासून कोसावर. गावाबाहेर सिद्धेश्वराचं देऊळ, आणि देवाच्या दिव्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला इनाम जमिनीचा तुकडा. तो कसायचा गुरवानं, त्यातून दिव्याला तेल आणि स्वतःच्या पोटाला भाकरी. गुरव वारला होता. राहिल्या होत्या त्याची बायको गजराबाई आणि आंधळी सासू. यंदा, ह्या जर्मन लढाईच्या दिवसांत, तहसीलीतून हुकूम आला : इनामाचा पुरावा दाखवा, नाहीतर जमीन सरकारजमा. घरातली सनद वाळवीनं कधीच खाल्लेली. मूळ नोंद असलीच तर हैदराबादच्या सरकारी दफ्तरखान्यात. तिची नक्कल आणायची, आणि तारीख दिवाळीनंतरची.

गाव अप्पांकडं गेलं. उर्दू येणारे तेच.

"आणतो," अप्पा म्हणाले, "पण दफ्तरखाना म्हंजे अणदूरचा बाजार न्हाय. गेलं न्‌ टोपलीत घालून आणलं, असं न्हाय होत. अभ्यास लागतो."

मग अभ्यास सुरू झाला. आधी शेरवानी. तिच्यासाठी नळदुर्गच्या शिंप्याकडं फेऱ्या. शेरवानी आली तर टोपी शोभेना, टोपी आली तर जोडा शोभेना. मग सलाम. एके दिवशी आमच्या दुकानात येऊन त्यांनी आमच्या मालकांना ज्वारीच्या पोत्यावर बसवलं.

"शिवप्पा, तुम्ही दफ्तरखान्याचे मोठे साहेब. हलू नका."

मालक गिऱ्हाइकाला गूळ देत होते. हातात तराजू तसाच. अप्पा दारातून वाकत आले, कपाळाला हात लावत लावत पार पोत्यापर्यंत पोचले आणि म्हणाले, "आता तुम्ही विचारा, किस ग़रज़ से तशरीफ़ लाए."

"अप्पा," मालक म्हणाले, "गिऱ्हाईक खोळंबलंय. तशरीफ जरा बाजूला घ्या."

अप्पांना हसू आलं नाही. अशा माणसाला कधीच येत नाही. उलट मला म्हणाले, "वैनी, नोंदी कपड्यात बांधून फळ्यांवर ठेवतात तिथं. हजारो बस्ते! आपला बस्ता कुठल्या फळीवर, हे माणसाला आधीच ठाऊक पाहिजे. आन देवळाचं झालं की आमच्या घराण्याचंबी बघून घेणार. आमचे पूर्वज देसाई होते म्हणतात." तेव्हा मला कळलं, देवाच्या दिव्याच्या उजेडात यांना स्वतःचं तोंड बघायचं होतं.

जोडा मिळाला तेव्हा मुहूर्त निघेना. सोमवार-शनिवार पूर्वेला शूळ, म्हणजे त्या दिशेला जाणं अशुभ. मंगळवार वाईट. अमावस्या जवळ. मग अप्पांनी प्रस्थान ठेवलं. आपल्याकडं रीतच आहे, मुहूर्तावर जायला जमत नसेल तर वाटेच्या शिदोरीचे तांदूळ, सुपारी-हळकुंड, अंगावरचं वस्त्र एका गाठोड्यात बांधायचं आणि जायच्या दिशेच्या शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. तेवढ्यानं माणूस निघाला असं धरतात. मग दोन-चार दिवसांत तिथूनच गाठोडं उचलून पुढं जायचं, घरी परत न्यायचं नाही. हैदराबाद पूर्वेला आणि अप्पांच्या घराच्या पूर्वेला आमचंच घर. माझ्या देवघराच्या कोनाड्यात त्यांचं उपरण्याचं गाठोडं येऊन बसलं.

"वैनी, ह्याला शिवू नका. मी निघालोय समजा."

रीत चांगली आहे, मी तिला नाव ठेवत नाही. वाईट हे, की प्रस्थान ठेवल्यावर अप्पांना जायचं कारणच उरलं नाही. कट्ट्यावर कुणी विचारलं, "अप्पा, हैदराबादचं काय?" की म्हणायचे, "निघालोय की." निघालेला माणूस समोर बसून पान खातोय! चार दिवस उलटले की मुहूर्त शिळा व्हायचा, मग नवा मुहूर्त आणि तेच गाठोडं. तांदळात किडे झाले तर म्हणायचे, "वैनी, तांदूळ तेवढे बदला." तांदूळ माझे, कोनाडा माझा, निघणं त्यांचं.

दुसऱ्या कुणी का गेलं नाही? अप्पा निघालेले असताना दुसऱ्यानं जाणं म्हणजे त्यांचा अपमान. गावाला जमिनीपेक्षा त्याचीच फिकीर जास्त.

दिवाळी गेली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गजराबाई आमच्या पायरीवर येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "आक्का, तहसीलीचा शिपाई सांगून गेला. ही तारीख चुकली की जमिनीचा लिलाव. तेल कुठलं आणू? आन म्हातारीला घेऊन मी कुठल्या गावात शिरू?"

मी अप्पांना बोलावलं. ते शेरवानीची गुंडी चाचपत आले.

"उद्या निघता का?"

"उद्या सोमवार. पूर्वेला शूळ."

"परवा?"

"वैनी, तुम्ही धर्मातल्या बाई. मंगळवारी जाऊ म्हणता?"

"तारीख जवळ आली, अप्पा."

"घाई करून अशी कामं नासतात," ते म्हणाले, आणि कोनाड्याकडं बोट दाखवून वर हसले. "आन मी तर निघालेलोच हाय."

ते गेले. मी हात धुतले, देवाला नमस्कार केला आणि गाठोडं उचलून गजराबाईच्या मांडीवर ठेवलं.

"अगं बया! अप्पांचं हाय ते!"

"देवाच्या कामासाठी बांधलंय ना? प्रस्थान मुहूर्तावर झालंय, आता शूळ नाही आणि मंगळवारही नाही. ते फक्त पुढं न्यायचंय. तू ने."

मालक दारात उभे होते. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "बाईमाणूस एकटं कसं जाईल? दुकान बंद ठेवतो. मी जातो संगं." पहाटे दोघं अणदूरच्या सडकेवर मोटारीत बसले; लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून ती कोळशावर चालणारी.

पुढचं मालकांनी सांगितलं तसं लिहिते. दफ्तरखान्यात कुणी शेरवानी बघितली नाही, सलामही मोजला नाही. खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "हक़दार कौन है?" मालकांनी गजराबाईला पुढं केलं. "चिराग कौन जलाता?" "मैंच," ती म्हणाली. तेवढीच दक्खनी तिला येत होती. तिचा अंगठा घेतला. हक्कदार स्वतः आल्याशिवाय किंवा त्याचं मुखत्यारपत्र असल्याशिवाय तिथं नक्कल देत नाहीत. नोंदीची फळी शोधायला त्यांचेच लोक असतात. अप्पा हजारदा वाकत गेले असते तरी रिकाम्या हातानं आले असते. इतका अभ्यास केला, पण एवढी एक गोष्ट कुणाला विचारावीशी वाटली नाही. गजराबाईला तर त्यांनी कधी काही विचारलंच नव्हतं.

नक्कल मिळेपर्यंत दोघं धर्मशाळेत राहिले. गाठोड्यातले तांदूळ तिथंच शिजवून खाल्ले. तारखेला कागद तहसीलीत दाखल झाला. जमीन राहिली.

आणि फेटा अप्पांना. "प्रस्थान माझं, मुहूर्त माझा," ते सभेत म्हणाले, "शिवप्पा आन बाई निमित्त." लोकांनी टाळ्या वाजवल्या. गजराबाई तेव्हा गाभाऱ्यात वात सारत होती. तिला हाक मारायचं कुणाला सुचलं नाही, आणि वात सोडून ती आलीही नसती.

आज सकाळी अप्पा पुन्हा दारात. फेटा डोक्यावर, काखेत नवं गाठोडं.

"वैनी, आता आमच्या घराण्याच्या कागदांसाठी हैदराबाद. मुहूर्त आजचा हाय, पण निघणं जमंल तसं. कोनाडा मोकळा हाय न्हवं?"

"मोकळा आहे की. ठेवा," मी म्हणाले. "पण अप्पा, माझ्याकडं ठेवलेलं गाठोडं आता थांबत न्हाय. परवा मोटारीत बसतं. तुम्ही बसला न्हाईत तर गजराबाईच्या हाती पाठवीन, आणि तुमच्या घराण्याचं काय निघालं ते ती चावडीवर सांगंल."

अप्पा उंबऱ्यावरच थबकले. कोनाड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. प्रस्थान घरी परत नेऊ नये, हे त्यांनीच मला दहा वेळा बजावलं होतं. तरी काखेतलं गाठोडं घट्ट धरलं आणि मुहूर्त-बिहूर्त न बघता ते घरी घेऊन गेले.