मॅडमचे व्हिडिओ, माझं नाव

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या कॉलेजने शिकवण्याचं पोर्टल बदललं. जुनं पोर्टल लॉकडाऊनमध्ये घाईघाईने घेतलेलं, ते बंद होणार होतं. त्यावरच्या नोट्स, व्हिडिओ, प्रश्नसंच, सगळं ज्याने त्याने उचलून नव्या पोर्टलवर न्यायचं होतं. माझं सामान चहा निवायच्या आत हललं. होतं काय त्यात? जुन्या नोट्सचे फोनवर काढलेले फोटो, त्यातही काही आडवे.

मी भूगोल विभागाचा प्रमुख. विभागात माझ्याखेरीज एकच शिक्षिका, तासिका तत्त्वावरच्या एक मॅडम. म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि दर सत्राला नेमणुकीची नवी ऑर्डर. ऑर्डरसाठी नाव सुचवायचं ते मी. त्यांचं गाव राजापूरच्या अलीकडे. नवरा मुंबईला, घरात सासू आणि लहान मुलगी. रोज एसटीने यायच्या आणि अंधार पडल्यावर घरी पोचायच्या.

किनारपट्टीचा पेपर त्या शिकवायच्या. त्याचे व्हिडिओ त्यांनी भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन काढले होते, ओहोटीच्या वेळी, पुळणीवर उभं राहून, पदर खोचून. वारा माइकमध्ये घुसतो. मध्येच एक कुत्रं येतं, त्या त्याला हाड म्हणतात आणि वाक्य न तोडता पुन्हा वाळूच्या दांड्यावर येतात. मुलांना ते व्हिडिओ कुत्र्यासकट पाठ होते. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा कौतुक वाटलं, आणि त्याच्या मागोमाग आणखी काहीतरी वाटलं. त्याला तेव्हा मी नाव दिलं नाही. मत्सर होता तो.

नव्या पोर्टलवर तासिकावाल्यांना लॉगिन मिळायचं ते विभागप्रमुखाने मंजूर केल्यावर. मॅडमचं लॉगिन अजून व्हायचं होतं, म्हणून त्यांचा कोर्स मीच माझ्या लॉगिनमधून हलवला. हलवून झाल्यावर पाहिलं, तर प्रत्येक व्हिडिओखाली निर्माता म्हणून माझं नाव. इथपर्यंत माझी चूक नव्हती. जो चढवेल त्याचं नाव, यंत्राला एवढंच कळतं. पोर्टल बसवणाऱ्या एजन्सीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, सोपं आहे सर, मॅडमचं लॉगिन मंजूर करा, मग कोर्सपुढे त्यांचं नाव निवडा, झालं.

त्यांची विनंती येऊन पडलीच होती. माझ्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात लाल ठिपका, आत मॅडमचं नाव, खाली 'मंजूर'चं बटण.

मी ते दाबलं नाही.

त्याच सुमारास माझ्या पदोन्नतीची फाईल पाठवायची होती. तिच्यात ई-साहित्याला गुण असतात आणि तिथे माझी पाटी कोरी. मी मनाशी म्हटलं, फाईल एकदा जाऊ दे, मग नाव बदलू. एवढं कोण बघतंय? पोर्टलचं ते पान छापून फाईलला जोडलं.

मग मॅडमचा फोन आला. त्यांच्या गावाजवळच्या एका कॉलेजात कायमची जागा निघाली होती आणि त्यांना मुलाखतीला बोलावलं होतं. फार आनंदात होत्या. रोजची एसटीची दगदग सुटेल, मुलगी जागी असताना घरी पोचता येईल, असं बोलत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "सर, समिती पोर्टल उघडून बघते म्हणतात. तोवर माझं नाव येईल ना?"

"लॉगिन मिळालं की करतो," मी म्हटलं. जणू लॉगिन आभाळातून पडणार होतं.

त्यानंतर मला एका जागी बसवेना. चहाचा कप हातात असायचा आणि दुसऱ्या हाताने पोर्टल उघडायचो, ठिपका बघायचो, बंद करायचो. बाजारात नारळ आणायला जायचो आणि पिशवी तशीच घेऊन परत यायचो. बायको म्हणाली, "अहो, जरा बूड टेका की. विंचू चावल्यासारखे काय फिरताय?" मी म्हटलं, पोर्टलचं काम आहे. ते खोटं नव्हतं. दोनदा बोट बटणापर्यंत गेलं. मग वाटायचं, फाईल तपासणाऱ्याने नेमकं आजच पोर्टल उघडलं तर? उद्या करू. असं उद्या-उद्या करत मुलाखतीचा दिवस आला नि गेला.

समितीवर माझ्या ओळखीचे एक प्राध्यापक होते. त्यांचा फोन आला तो माझ्या अभिनंदनाचा. किनारपट्टीचे व्हिडिओ पाहिले म्हणाले, छुपे रुस्तम निघालात की तुम्ही. मी मॅडमचं विचारलं. म्हणाले, बाई बोलल्या चांगल्या, पण स्वतःचं असं काही दाखवायला नव्हतं त्यांच्याकडे. व्हिडिओंत त्याच दिसतात, म्हणून समितीने सरळ विचारलं होतं, कोर्स नक्की कुणाचा.

"तर म्हणाल्या, कोर्स सरांचा आहे, मी मदत केली."

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. आभार मानले असावेत.

ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. तो उमेदवार जास्त लायक असेलही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे.

काही दिवसांनी मॅडम तपासलेल्या उत्तरपत्रिका द्यायला कॉलेजात आल्या. विभागात आम्ही दोघंच. मी त्यांना बसा म्हटलं आणि स्वतः उभाच राहिलो. मग सांगून टाकलं, विनंती कधीच आली होती ते, बटणाचं, फाईलचं. त्यांचा चेहरा हलला नाही. माहीत होतं म्हणाल्या. मुलाखतीच्या आधीच मुलांनी त्या पानाचा फोटो पाठवला होता.

"मग बोलला का नाहीत? निदान समितीपुढे तरी?"

"बोलले असते आणि तिथे जागा मिळाली नसती, तर पुढच्या ऑर्डरला तुम्ही माझं नाव घातलं असतंत?"

'का नाही' एवढे दोन शब्द माझ्या तोंडाशी आले. पण मी मला ओळखतो. बहुधा नसतं घातलं. काहीतरी सभ्य कारण शोधून काढलं असतं. मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सरळ करत राहिलो, आणि त्यांना जे समजायचं ते समजलं.

मग मी घाईघाईने लॅपटॉप उघडला. म्हटलं, आत्ता बदलतो, तुमच्यासमोर.

"नको. नाव घालून आता कुणाला दाखवू? काढून टाका सगळे. मूळ व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहेत."

मी मुलांना पुढे केलं. पुढच्या सत्रात पेपरचा दुसरा भाग आहे, त्यांचं नुकसान होईल, वगैरे. त्या पहिल्यांदा हसल्या.

"तुम्ही आहात ना, सर. कोर्स तुमचाच आहे."

मी एकेक व्हिडिओ काढत गेलो. सगळे एकदम काढायची सोय असावी, मला ती सापडली नाही आणि त्यांनी सांगितली नाही. शेवटचा गेल्यावर त्यांनी पर्स उचलली, गाडीची वेळ झाली म्हणाल्या आणि निघाल्या. पुढच्या सत्राच्या ऑर्डरसाठी मी त्यांचंच नाव दिलं. ऑर्डर निघाली. ती घ्यायला त्या आल्या नाहीत.

फाईलमधून तो कोर्स काढून घ्यायला मी प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, कशाला उकरून काढताय, सगळ्यांचं थोडंफार असंच असतं. मी काढून घेतलाच. पदोन्नती राहिली. याचं पुण्य माझ्या खात्यावर लावू नका, कारण घरी मी एवढंच सांगितलं की गुण कमी पडले. खरं काय ते बायकोला आता हे वाचून कळेल.

सत्र सुरू झालं. किनारपट्टी माझ्याकडे आली. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, सर, मॅडमचे व्हिडिओ दिसत नाहीयेत. खाली माझं नाव होतं तेव्हाही मुलं मॅडमचेच म्हणत होती. तांत्रिक अडचण आहे, असं मी सांगायला लागलो. 'तांत्रिक' म्हणून झालंसुद्धा. तिथे थांबलो.

"मॅडमनी ते काढायला लावले," मी म्हटलं. "मी ते माझ्या नावावर ठेवले होते म्हणून."

मग पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे मॅडम येणार नाहीत?"

"नाही."

तिने पेनाला टोपण लावलं. मी पुस्तक उघडून दुसरा भाग वाचून दाखवायला लागलो. बराच वेळ वाचत होतो. कुणी लिहून घेत नव्हतं.