ऐनाच्या फांदीवरचा कोयता

आजही उन्हाळ्यात राबाचा धूर नाकात गेला, की ती घटना समोर उभी राहते.

मी तेव्हा भोरच्या ठाण्यात अधिकारी होतो. सकाळची हजेरी चालू होती. हिर्डोशीकडच्या एका वाडीतून पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, थोरल्यानं धाकट्या भावाला मारलं. राबातच. लवकर या."

भाताची रोपं टाकण्याआधी पाला पसरून जमीन भाजतात, तो राब. थोरल्याच्या राबाची आग बांध ओलांडून धाकट्याच्या पेंढ्याला लागली होती. त्यावरून जुंपली आणि डोक्यात फांदी बसून धाकटा जागीच गेला. थोरला पळाला नव्हता. प्रेताशेजारी बसून होता.

खुनाचा गुन्हा दाखल झाला. चौकशीत त्याचं एकच पालुपद.

"म्या मारलं. मारायचंच व्हतं. लिवून घ्या अन् फासावर द्या."

"कधी ठरवलं होतंस?"

"लई दिसांपासनं."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, आणि ते योग्यच आहे. मला पंचनाम्यातला कोयता खटकत होता. इकडचा माणूस रानात निघाला की कमरेला बांधलेल्या लाकडी आकडीत कोयता असतोच. भाकरीला बसताना तेवढा काढतो. याचा कोयता आकडीसकट बांधावरच्या ऐनाच्या झाडाला टांगलेला होता. पात्यावर पाल्याचा चीक, रक्त अजिबात नाही. ज्याला ठार मारायचंच आहे, तो हाताशी कोयता असताना आग सारायची फांदी कशाला उचलेल?

भांडणाच्या वेळी मयताची बायको तिथंच होती. तिच्या घरी गेलो. ती म्हणाली, "भाऊजी खोटं बोलत्यात. ते भाकर खात व्हते. आमच्या ह्यांनीच जाऊन गचांडी धरली, आईवरनं शिवी दिली. भाऊजींनी हाताला आली ती फांदी एकदाच हाणली. मग तेच पाण्याला पळाले."

शेजारी बसलेला तिचा भाऊ उसळला. "तुझं कुकू पुसलं त्यानं! अन् तू त्याची वकिली करतीस व्हय गं?"

"वकिली न्हाई, दादा. झालं तेवढंच सांगती."

शवविच्छेदनातही एकच घाव निघाला. मी दोषारोपपत्रात खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं. दोन्हींत माणूस मारला जातो. कायदा मात्र मारणाऱ्याच्या मनात शिरून विचारतो, हे ठरवून केलंस, की भांडणाच्या भरात हात उठला? कोर्टानं तेच मान्य केलं. फास नाही, जन्मठेप नाही. काही वर्षांची सक्तमजुरी.

निकालानंतर व्हरांड्यात त्यानं मला अडवलं. "साहेब, माझा भाऊ तर समदाच मेला. मग माझा गुन्हा कमी कसा?"

स्वतःला फास मागणाऱ्या माणसालाही कायदा त्याच्या गुन्ह्यापेक्षा जास्त शिक्षा देत नाही, याचं मला आजही नवल वाटतं. आणि ती बाई! तिच्या एका खोट्या शब्दानं तो कोयता झाडावरून त्याच्या हातात आला असता. तिनं तो झाडावरच राहू दिला.