काकूची जट

माझ्या काकूला देवी केलं माझ्या आईने. चिमूटभर हळदीकुंकू पुरलं तेवढ्यासाठी.

नव्वदच्या दशकात आम्ही विरार पूर्वेला मनवेलपाड्यातल्या एका चाळीत राहत होतो. आम्ही एका खोलीत, काका-काकू शेजारच्या. काकूला टायफॉइड झाला आणि ती कितीतरी दिवस अंथरुणाला खिळली. त्या दिवसांत तिच्या केसांना ना तेल लागलं ना फणी. ताप उतरला तेव्हा मानेवर केसांचा घट्ट गुंता झाला होता. एखाद्या शहाण्या घरात बाटलीभर खोबरेल ओतून, दुपारभर बसून तो सोडवला असता. आईने तो बघितला, हात जोडले आणि त्याला हळदीकुंकू लावलं. "जट आली. देवी आली घरात," म्हणाली.

एकदा कुंकू लागलं की गुंता गुंता राहत नाही. मग त्याला फणी लावायची नाही, कात्री तर नाहीच. लावली तर घरात कोणीतरी दगावतं, असं मानतात. मी तेव्हा नुकती अंधेरीला नोकरीला लागले होते. आईला म्हटलं, "अगं, विंचरलं नाही म्हणून झालंय ते." आई म्हणाली, "असेलही. पण विषाची परीक्षा कोण बघणार?" या वाक्यापुढे आमच्या घरात कुणाचंच काही चालायचं नाही. आजही ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

जट वाढत गेली. घाम, धूळ, लोकांनी वाहिलेला भंडारा, सगळं तिच्यात मुरत गेलं आणि ती ओल्या काथ्यासारखी जड झाली. काकूची मान एका बाजूला कलली. उताणं झोपता येईना, म्हणून ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळे मिटायची. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला चौरंगावर बसवायचे. फुलपाड्यापासून बायका यायच्या, ओटी भरायच्या, पायावर डोकं ठेवून रडायच्या. कुणाला मूल हवं होतं, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटत नव्हती. काकूच्या अंगात कधी वारं आलं नाही. ती नुसती बसायची. लोक म्हणायचे, शांत देवी आहे.

काकांची वसईची कंपनी बंद पडली होती. देवीपुढे येणाऱ्या तांदूळ-नारळावर घर चालायला लागलं आणि काकांनी दुसरं काम शोधणं सोडलं. पण नुसत्या काकांना कशाला बोलू? आमच्याकडे तेव्हा पाणी टँकरने यायचं, आणि टँकरवाल्याची काकूवर श्रद्धा बसली. तो गाडी आधी आमच्या चाळीपुढे उभी करायचा. शेजारच्या चाळीतल्या बाया रिकामे हंडे घेऊन भांडत असायच्या तेव्हा आमची पिंपं काठोकाठ भरलेली असायची. मग कुणाला हवी होती काकूची मान सरळ झालेली? पाण्यापुढे सगळी चाळ भाविक झाली.

आणि काकू माणसांतून उठली. पूर्वी ती दुपारी ओट्यावर बसून बायकांबरोबर तांदूळ निवडायची, कुचाळक्या करायची, खळखळून हसायची. आता तिच्या शेजारी कुणी बसेना. लग्नाला बोलावेनात, देवीचा मान कोण सांभाळणार म्हणून. मासळी बंद झाली. आम्ही मूळचे कोकणातले, काकूचा जीव बोंबलांवर. अर्नाळ्याहून येणारी कोळीण टोपली उतरवून आईला म्हणाली, "आमचे एकवीरेला कोंबरा लागते, आनि तुमचे देवीला बोंबील नाय चालत? कोन सांगते असा?" आईने तिला गप्प केलं. काकू दाराआडून टोपलीकडे बघत राहिली. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला.

एक दिवस मी भाजी चिरत असताना काकू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाय, मला हे नको गं. काढून टाक. मला एकदा पाठ टेकून झोपायचंय."

मला वाटलं, यात काय अवघड आहे. फुलपाड्यातल्या पार्लरवालीला विचारलं. तिने कानाला हात लावले. "ताई, मला लेकरं आहेत." नाक्यावरच्या न्हाव्याने मला दुकानाची पायरी चढू दिली नाही. डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी मान तपासली, मणक्यावर ताण येतोय, केस ताबडतोब कापा म्हणाले. मला हायसं वाटलं. निघताना त्यांनी काकांकडून चिमूटभर अंगारा मागून घेतला. नवीन दवाखान्याची पूजा होती म्हणे. आता बोला!

काकांना विचारलं तर म्हणाले, "मी कोण ठरवणार? देवीने स्वतः सांगितलं तर काप."

ठीक आहे म्हटलं. पुढच्या शुक्रवारी चौरंगावर बसलेल्या काकूने भरल्या खोलीत तोंड उघडलं. पहिल्यांदाच. "हे केस उतरवा. मला त्रास होतोय." मग सगळ्यांत पुढे बसलेली एक बाई गहिवरून म्हणाली, "आई परीक्षा बघतेय आपली!" आणि सगळ्या बायकांनी दंडवत घातला. टँकरवाल्याने नवस बोलून टाकला की जटेला चांदीचं वेढणं घालीन. काकू माझ्याकडे बघत होती. इतके लोक तिच्या पाया पडत होते आणि एकाला तिचं ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी मी नाद सोडला, लोकांना पटवायचा.

सोमवारी रजा टाकली. काका बाहेर गेल्यावर आईची शिवणकामाची कात्री घेतली आणि काकूच्या खोलीची आतून कडी लावली. जट सहज कापली जात नव्हती. धाग्या-धाग्याने तोडावी लागत होती आणि कात्रीने माझी बोटं सोलवटली. काकू मान खाली घालून बसली होती. शेवटचा तुकडा सुटला तेव्हा तिने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मग ती तिथेच फरशीवर उताणी झोपली आणि झोपूनच गेली. तोंड उघडं, हात पसरलेले. मी तिच्याकडे बघत बसले. आयुष्यात माझ्या हातून काही बरं झालं असेल तर ते हे, असं मला वाटलं.

मग आईने दार वाजवलं. मी उघडलं. वाटलं, आता तमाशा होणार. आईने झोपलेल्या काकूकडे पाहिलंही नाही. ती खाली वाकली, पदर पसरला आणि जट त्यात अलगद उचलून घेतली, तान्ह्या पोराला उचलतात तशी. "जमिनीला लागू नये," एवढंच म्हणाली.

संध्याकाळपर्यंत जट चौरंगावर होती. काकांनी काचेची पेटी आणली. कुणी दगावलं नाही, टँकरही यायचा थांबला नाही. लोक म्हणाले, देवी जटेतच होती, बाई नुसती तिचं ओझं वाहणारी. शुक्रवारी नेहमीपेक्षा जास्त गर्दी झाली. पेटीतही जट वाढते म्हणतात. मी मोजलेली नाही, पण काकांनी नंतर पेटी बदलून मोठी आणली हे खरं. खोलीचा पुढचा भाग देवीला गेला आणि काकू मागे, मोरीजवळ झोपायला लागली.

दोन हजार सालानंतर, माझं लग्न होऊन मी वसईला राहायला गेले होते तेव्हाची गोष्ट. एका शुक्रवारी मी काकूला भेटायला, तिच्यासाठी बोंबील घेऊन गेले. रांग ओट्याखालपर्यंत आली होती आणि रांगेत काकू उभी होती. केस मानेपर्यंतच राखलेले, हातात नारळ. तिच्या मागची बाई तिला म्हणत होती, "मावशी, सरका की पुढं. नवीन आहात का?"

मी काकूचा दंड धरून तिला बाजूला ओढलं. "काकू, तुझेच केस आहेत ते! मी माझ्या हाताने कापलेत!"

"माहीत आहे गं," काकू म्हणाली. "इतकी वर्षं बायका माझ्यापुढे रडल्या. मला एकीलाही काही देता आलं नाही. म्हटलं, बघावं, मी नसताना तरी ती देते का."

माझ्या हातातून तिने दंड सोडवून घेतला आणि रांगेत आपली जागा गेली म्हणून ती पुन्हा शेवटी जाऊन उभी राहिली.