राखेने घासलेले वॉल्व

देशाची दारं उघडली आणि फ्रीगंजच्या दुकानांसमोर परदेशी टीव्हीच्या खोक्यांचे ढीग लागले, त्याच सुमारास आमच्या घराला लागणारी एकच वस्तू बाजारातून नाहीशी झाली. ती म्हणजे रेडिओग्रामचा वॉल्व. जगातलं सगळं उज्जैनला मिळायला लागलं होतं, आम्हांला हवं तेवढं सोडून.

रेडिओग्राम म्हणजे वर तबकडी फिरवायची सोय, मध्ये रेडिओ आणि पोटात काचेचे पाच वॉल्व असं एक लाकडी धूड. बाबांनी ते लग्नानंतर लगेच घेतलं आणि जावयाचे करत नाहीत इतके त्याचे लाड केले. बटण दाबलं की आधी नुसती शांतता. वॉल्व हळूहळू लाल होत, मग गुरगुर, मग आवाज. "मोठ्या गवयालाही बैठक जमवायला वेळ लागतो," बाबा म्हणत. गवई तापला की त्याच्या अंगाला जळक्या धुळीचा वास येत नाही, असं मी म्हटलं की मला संगीतातलं काही कळत नाही असं ठरे. एखादा वॉल्व दमला की बाबा बँकेतून परस्पर इंदूरला जात आणि नवा वॉल्व बाळंतिणीचं बाळ आणावं तसा कापसात गुंडाळून घेऊन येत. पुढे इंदूरच्या दुकानदारानेही हात वर केले.

त्या वर्षी आई इंदूरच्या रेडिओ केंद्रावर आवाजाच्या परीक्षेत पास झाली. लग्नाआधी ती रीतसर शिकली होती. लग्नानंतर तिचं गाणं हळदीकुंकवाला आणि पोळ्या लाटताना, एवढंच उरलं होतं. मी कॉलेजात गेल्यावर तिने कोणाला न विचारता अर्ज केला, कोणाला न विचारता परीक्षा दिली आणि पास झाल्यावरच सांगितलं. तिची दोन भजनं तिथे रेकॉर्डही झाली. दिवाळीनंतरच्या आठवड्यात संध्याकाळी ती लागणार होती.

"मी हे रेडिओग्रामवरच ऐकणार," बाबांनी जाहीर केलं.

"ट्रान्झिस्टर आहे की घरात," आई म्हणाली.

"त्या साबणाच्या डबीतून? तुझा आवाज?"

त्या दिवशी आईच्या हातून भाजीत मीठ दोनदा पडलं. ती इतकी खूश मी फार कमी वेळा पाहिली होती. रेडिओग्राम तिने कधी स्वतःहून लावला नव्हता. त्यातून आपला आवाज यावा, हे तिच्या मनात किती वर्षं होतं, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळी, कात्री, शिवणयंत्र, बाबांची स्कूटर आणि अर्थात रेडिओग्राम. बाबा दरवर्षी त्याला बाहेरून पुसून हार घालत. या वर्षी आईला वाटलं, आपण त्यातून गाणार, तर त्याला आतूनही स्वच्छ करावं. बाबा झेंडूची फुलं आणायला देवास गेटला गेले होते. आईने मागची फळी काढली, पाचही वॉल्व उपटले आणि कंदिलाच्या काचा घासाव्यात तसे राखेने घासून काढले. काच राखेनेच स्वच्छ निघते, यात तिचं काही चुकलं नव्हतं. वॉल्वच्या टाळूवर आतून चंदेरी काळा डाग असतो, तो काजळीचा समजून तिने त्याच्यावर फार जोर लावला. तो निघाला नाही. निघाले ते वॉल्वच्या अंगावरचे नंबर. मग ताम्हनात पाचही ओळीने मांडून तिने प्रत्येकाला गंध लावलं.

बाबा परत आले ते ताम्हनाकडे बघतच राहिले.

"नंबर कुठेत?"

"कसले नंबर? ती घाण होती, पोछून टाकली. बघा कसे चकाचक झाले!"

बाबांनी वॉल्व परत बसवायला घेतले. त्यांतले दोन दिसायला जुळे होते. आता नंबर नाहीत म्हटल्यावर बाबांनी नशिबावर हवाला ठेवला, आणि नशीब नवमीची सुट्टी घेऊन बसलं होतं. बटण दाबल्यावर निळा लोळ चमकला, घरभर वास सुटला. जागा बदलून पाहिल्यावर चार पेटले, एक नाही. आई हार हातात धरून उभी होती. "मीच घालवलं," एवढंच म्हणाली आणि आत गेली. बाबा तिला रागावले नाहीत, ते मला जास्त भीतीदायक वाटलं.

नंबर माहीत नसलेला वॉल्व शोधणं म्हणजे नाव, गाव, गोत्र काही न सांगता स्थळ शोधणं. मी आणि बाबा स्कूटरवरून निघालो. फ्रीगंजचा दुकानदार म्हणाला, "बाऊजी, ये तो अजायबघर में दे दो. नया टू-इन-वन ले जाओ, रिमोटवाला." देवास गेटजवळचा रेडिओवाला मात्र बाबांच्याच जातीचा निघाला, म्हणजे माहिती कमी आणि आत्मविश्वास भरपूर. "अरे भिया, वॉल्व तो मैं सूँघ के बता दूँ!" त्याने खरोखर हुंगला आणि जो वॉल्व दिला, तो आमच्या सेटच्या भोकात शिरलाच नाही.

शहरात आमच्यासारखाच रेडिओग्राम आणखी एकाच घरात होता. तिथले काका आमच्या मराठी मंडळातले. पण त्यांनी एकदा गणेशोत्सवात चारचौघांत आमच्या रेडिओग्रामचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो, असं म्हटलं होतं. तेव्हापासून बाबांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

"त्याच्या दारात मी जाणार नाही," बाबा म्हणाले.

"नका जाऊ," आई म्हणाली. दिवाळी होऊन गेली होती, डब्यात चकल्या शिल्लक होत्या. ती मला घेऊन निघाली.

काकांचा रेडिओग्राम कधीच बंद पडला होता. त्याच्यावर फ्रिजचा स्टॅबिलायझर आणि लोणच्याची बरणी होती. आईने चकल्या ठेवल्या आणि आडवळण न घेता सांगितलं, "भाऊजी, रेडिओवर माझं गाणं लागणार आहे. ह्यांना ते रेडिओग्रामवरच ऐकायचंय. माझ्या हातून वॉल्व गेला. तुमचा द्याल का?"

काकांनी बरणी उचलली. "वहिनी, तुम्ही गाता? इतकी वर्षं मंडळात आम्हांला बोललाही नाहीत?" सगळेच्या सगळे पाच वॉल्व त्यांनी काढून दिले. कुठल्या भोकातला कुठला, ते प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवून लिहिलं. वर म्हणाले, "पण पुसू नका हं."

बाबांनी त्या धुळकट वॉल्वना हात लावताना काकांचा उल्लेख केला नाही. पण चिठ्ठ्या बरोबर वाचल्या.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी लाइट गेली नाही. तेवढी मेहेरबानी वीजवाल्यांनी केली. वॉल्व तापले, गुरगुर झाली, निवेदिकेने आईचं नाव घेतलं आणि आईचा आवाज आमच्या खोलीत आला. स्वयंपाकघरातून येई तसा नव्हता तो. भरलेला, सावकाश, कोणाचीही घाई नसलेला. मला रडूच आलं, सरळ सांगते.

आईला मात्र तिथे बसवेना. ती दारात उभी राहून आपल्याच चुका काढायला लागली. "इथे श्वास कमी पडला बघा. तबलेवाल्याने लय वाढवली ना. आता पुढे बघा, मी कशी घसरते ते."

बाबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. रेडिओग्रामकडे तोंड करून, डोळे मिटूनच म्हणाले, "अगं, गप्प बस जरा. बाई गातायत."

आई तिथेच उंबऱ्यावर बसली. पदर तोंडाला लावून तिने ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं.