तारेतली हजेरी

नववीत असताना इतिहासाच्या सरांनी मले भर वर्गात खाली बसवलं.

धडा हिटलरच्या छळछावन्यांचा होता. सर यवतमाळचे, शिकल्या घरचे. मानूस वाईट नव्हता. छावनीतून वाचलेल्या एका ज्यू बाईची आठवन सांगून राह्यले होते. काटेरी तार. हातावर नंबर. सकाळ-संध्याकाळ हजेरी, थंडीत तासन् तास उभं. मायलेकीची ताटातूट. सांगता सांगता सरांचा आवाज बसला. माह्याही डोळ्याले पानी आलं, अन् मी हात वर केला.

"सर, माही आजीबी तारेच्या आत जलमली. इंग्रजाच्या. तिचीबी हजेरी होये."

सर म्हनाले, "ते वेगळं. ती पारध्यांची वसाहत होती. या ज्यू लोकांचा तर काही गुन्हा नव्हता. बस खाली."

मी बसली. मांगून कोनीतरी म्हटलं, "कंपास सांभाळा रे." सगळे हासले.

इंग्रजानं कायदा करून आमची सगळी जातच गुन्हेगार ठरवली होती, अन् आजीच्या घरच्याईले तारेत कोंडलं होतं. जलमाले येनाऱ्या लेकराचा कोनता गुन्हा असते? तवा हे इचारता आलं नाही. आमाले भट्टीत घातलं नाही, हे मले समजते. त्या बाईच्या दुखाशी मी बरोबरी करत नाही. पन आजीचा बाप साहेबाच्या परवानगीची चिठ्ठी न घेता तारेबाहेर गेलता, तित्तर धराले. फटके खाऊन मेला. तित्तर धरनं हेच आमचं पोट होतं.

हजेरीत नाव घेतलं का दोन्ही तळहात पुढं करा लागत. तार निघाली, देश सुटला, आजीचे हात काही सुटले नाही. आमच्या बेड्यावर, पारध्याच्या वस्तीवर, पोलिसाची गाडी आली का आजी आजूनही न सांगता दारात उभी राह्यते, तळहात पुढं करून. रेशनच्या दुकानात नाव पुकारलं तरी तेच. लहानपनी आमी हासत होतो. आता लाज वाटते त्या हासन्याची.

मांगच्या महिन्यात बाभुळगावकडं कोनाच्या तरी विहिरीवरची मोटर चोरीले गेली. गाडी सरळ आमच्या बेड्यावर.

"सगळे बाहेर या. लाइनीत."

आजी सगळ्याईच्या पहिले उभी. शिपाई हासून म्हने, "बुढीले कायदा बरोबर माहीत हाय."

माहं डोकं फिरलं. मी आजीचे हात धरले अन् खाली केले.

"सोड वो बाई, मारतीन," आजी म्हने.

"मारू दे. तू बस." तिले बाजेवर बसवलं अन् शिपायाले म्हटलं, "ज्याच्यावर शक हाय त्याचं नाव सांगा. कागद दाखवा. लाइनीत कोनी उभं राहनार नाही."

"लय शिकली काय वो?"

"नववीपर्यंत शिकली. तितकं पुरते."

त्यानं माहं नाव लिहून नेलं. तो पुन्हा येईन, हे पक्कं. आजी दिवसभर रस्त्याकडं पाहत दारात बसली. तिच्या हाडात मुरलेलं भेव मले काढता आलं नाही.

माही पोरगी औंदा नववीत हाय. तो धडा येईन, त्या दिवशी मी आजीले घेऊन शाळेत जानार हावो. मास्तर कोनीही असो. ज्यू बाईचं दुख आमी मान खाली घालून ऐकू. मंग आजी तिचं सांगन. कोनी म्हटलं "ते वेगळं", तर आजीले बसाले खुर्ची मागीन.

मी बसनार नाही.